पहिली शॉर्टफिल्म करताय? कॅमेऱ्याआधी हा क्रम पाळा

कॉलेजच्या पोरापोरींच्या शॉर्टफिल्म बघायला बसलं की तीच तीच दुखणी दिसतात. गोष्ट चांगली असते, चेहरे खरे असतात, पण डायलॉग ऐकू येत नाही, तोंड काळं आणि मागचा रस्ता पांढराफटक, आणि एडिटिंगला बसल्यावर कळतं की मधला एक शॉट घेतलेलाच नाही. मग सगळे म्हणतात कॅमेरा भारी असता तर जमलं असतं. नसतं जमलं. यातल्या बहुतेक चुका शूटिंगच्या आधीच होऊन गेलेल्या असतात, कारण जे आधी करायचं ते नंतर केलेलं असतं.

म्हणून हा लेख क्रमाने लिहिलाय, मधली पायरी गाळू नका. पहिल्या फिल्मसाठी मर्यादा घालून घ्या: पाच मिनिटं, दोन माणसं, एक जागा, एक दिवस. खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतो. कोल्हापुरातल्या सुभाषनगरात आजोबांचं कोल्हापुरी चपला बनवायचं छोटं दुकान. नातवाला पुण्यात नोकरी लागलीय, तो सांगायला आलाय, पण तोंडातून शब्द निघत नाही. आजोबा काही न विचारता त्याच्या पायाचं माप घ्यायला लागतात. बास, एवढीच गोष्ट.

१. आधी हात बसवा

गोष्ट शूट करायच्या आधी एक सराव कराच. कुठल्याही मिसळीच्या गाड्यावर जा, मालकाला विचारा, आणि एक ताट लागेपर्यंतचं काम पाच शॉटमध्ये घ्या: फक्त हात, फक्त चेहरा, दोन्ही दिसतील असा लांबचा शॉट, त्याच्या खांद्यावरून त्याला काय दिसतंय ते, आणि पाचवा तुम्हाला सुचेल तो. प्रत्येक शॉट कमीत कमी दहा सेकंद, कॅमेरा न हलवता, झूम न करता. घरी येऊन तीस सेकंदात कापा, म्युझिक लावायचं नाही.

म्युझिक लावू नका असं मुद्दाम सांगतोय. गाणं लावलं की कसलेही शॉट बरे दिसतात आणि आपल्याला जमलं असं वाटतं. नुसत्या तर्रीच्या आणि ताटाच्या आवाजावर ते तीस सेकंद बघवत असतील तरच शॉट एकमेकाला जोडले गेलेत.

चेक: गाडा माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. काय चाललंय हे न सांगता कळलं तर पुढं जा. नाहीतर परत.

२. कागदावर गोष्ट

स्क्रिप्टमध्ये फक्त दिसणारं आणि ऐकू येणारं लिहायचं. "नातवाच्या मनात घालमेल चालू आहे" हे शूट करता येत नाही. "नातू खिशातला मोबाईल काढतो, ऑफर लेटर उघडतो, आजोबांनी वर बघितलं की खिशात टाकतो" हे करता येतं. प्रत्येक ओळीला विचारा, हे कॅमेऱ्याला दिसणार कसं? उत्तर नसेल तर ओळ खोडा.

एका पानाचं एक मिनिट हा हिशोब इंग्रजी स्क्रिप्टच्या ठराविक टाइपवर बसवलेला आहे, देवनागरीत वहीत लिहिलेल्या स्क्रिप्टला तो धरून चालू नका. त्यापेक्षा दोघांनी डायलॉग मोठ्याने वाचा, मधल्या हालचाली खरंच करून बघा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. पाच मिनिटांची वाटणारी गोष्ट नऊ मिनिटांची निघते, हे आत्ताच कळलेलं चांगलं. आणि डायलॉग घरात बोलता तसेच लिहा. आजोबा "बाळा, तू खूप दूर निघून चालला आहेस" म्हणणार नाहीत, ते म्हणतील "कवा निघायचं हाय?"

मग ब्रेकडाउन. स्क्रिप्ट घेऊन बसा आणि लागणाऱ्या सगळ्या वस्तू, कपडे, माणसं, आवाज वेगवेगळ्या रंगाने अधोरेखित करा. कातडं, आरी, हातोडी, माप घ्यायचा कागद, पेन्सिल, अर्धवट झालेला चपलेचा जोड, चहाचे दोन कप. यादीत "चप्पल" एवढंच लिहून भागत नाही: कुठल्या टप्प्यावर किती तयार दिसायला पाहिजे तेही लिहा, म्हणजे दुकानदाराकडून तशाच तीन-चार चपला वेगवेगळ्या अवस्थेतल्या मागता येतील.

३. जागा बघायला शूटिंगच्याच वेळेला जा

सकाळी शूट आणि रेकीला, म्हणजे जागा बघायला, संध्याकाळी गेलो, ही चूक सारखी होते. किरणोत्सवाला अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत किरणं वर्षातल्या ठराविक दिवसांतच पोचतात आणि वाटेत काही आलं तर अडतात, हे कोल्हापुरात पोराटोरालाही माहीत असतं. तुमच्या दुकानातला उजेडही तसाच आहे, महिना आणि तास बदलला की जागा बदलतो. म्हणून ज्या वेळेला शूट त्याच वेळेला जा, आणि दर तासाला एकाच जागेवरून एक फोटो काढा. दिवसभराचे ते फोटो शेजारी शेजारी ठेवले की कुठला शॉट कधी घ्यायचा हे आपोआप ठरतं.

दुकानात सगळ्यात मोठी अडचण म्हणजे उघडं शटर. आजोबांना शटरकडं पाठ करून बसवलं तर मागं उन्हातला रस्ता आणि पुढं काळं तोंड. त्यांना असं फिरवा की शटरचा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येईल, दुसऱ्या बाजूला पांढरी सनपॅक शीट (बोर्ड बनवायला वापरतात ती हलकी प्लास्टिकची) किंवा धुतलेली पांढरी चादर धरली की सावलीतला गाल उचलला जातो. रंकाळ्यावरही हीच भानगड होते. चौपाटीवर उभं राहिलं की सूर्य समोर तळ्यापलीकडं मावळतो, आणि सगळे कलाकारांना पाण्याकडं पाठ करून उभं करतात. नुसती आकृती पाहिजे असेल तर छान, पण चेहऱ्यावरचे भाव दाखवायचे असतील तर त्यांना पाण्याकडं तोंड करू द्या आणि तुम्ही बाजूने शूट करा.

उजेड बघून झाला की डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐका. फ्रिज, पंखा, शेजारचं ग्राइंडर, शाळा सुटायची वेळ, गल्लीतला भाजीवाला. सगळं वेळेसकट लिहून ठेवा. त्या आठवड्यात गल्लीत लग्न आहे का, मंडळाचा डॉल्बी लागणार आहे का हे चहाच्या टपरीवर विचारा. आणि शाहू स्टेडियमवर मोठी फुटबॉल मॅच असेल त्या दिवशी शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत डायलॉगचं शूट लावूच नका.

४. परवानगी

दुकान, घर अशी खाजगी जागा असेल तर मालकाची लेखी परवानगी: तारीख, वेळ, किती माणसं, काय हलवणार. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या, त्याने पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. रस्ता, बाग, रंकाळा असेल तर महापालिका आणि जवळचं पोलीस ठाणं, मंदिराच्या आवारात देवस्थान समिती. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, तिथं ट्रायपॉड आणि टीम घेऊन जायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी लागते आणि त्याला वेळ जातो, म्हणून पहिल्या फिल्मला पन्हाळा नकोच.

कलाकारांकडूनही एका पानावर सही घ्या की ही फिल्म दाखवायला त्यांची हरकत नाही. फेस्टिव्हलला पाठवताना हा कागद मागतात, आणि तेव्हा माणूस सापडत नाही.

५. फ्लोअर प्लॅन आणि शॉट लिस्ट

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. दुकानाचा वरून बघितल्यासारखा नकाशा काढा: शटर, आजोबांची बैठक, नातवाचं स्टूल, बल्ब, प्लगपॉइंट. आजोबा आणि नातू यांना जोडणारी एक सरळ रेघ मारा. आता कॅमेऱ्याच्या सगळ्या जागा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडली की काय होतं? आजोबा उजवीकडं बघत होते ते अचानक डावीकडं बघायला लागतात आणि दोघं एकमेकांशी न बोलता एकाच दिशेला बघून बोलतायत असं वाटतं. हे सेटवर कुणाच्या लक्षात येत नाही, एडिटला दिसतं, आणि तेव्हा उपाय नसतो. रेघ ओलांडायचीच असेल तर मधे असा एक शॉट घ्या ज्यात कॅमेरा किंवा माणूस बघणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बाजू बदलतो.

शॉट लिस्टमध्ये प्रत्येक ओळीला नंबर, किती जवळचा शॉट, कोण दिसतं, काय घडतं, आवाज लागणार का, आणि शेवटचा रकाना "का". हा का-चा रकाना कुणी ठेवत नाही. माप घेताना आजोबांच्या हाताचा क्लोजअप का? कारण पेन्सिल पायाभोवती फिरता फिरता थांबते, आणि तिथं आपल्याला कळतं की त्यांना कळलंय. असं कारण लिहिता येत नसेल तो शॉट यादीत सगळ्यात खाली टाका, वेळ उरला तर घ्या.

पाच मिनिटांच्या अशा सीनला पंचवीस-तीस शॉट पुष्कळ होतात. साठ लिहिले असतील तर एका दिवसात होणार नाहीत. मग शेवटचे शॉट, म्हणजे बहुतेक वेळा गोष्टीतले सगळ्यात महत्त्वाचे, अंधार पडताना घाईत उरकले जातात.

सावध: यादी गोष्टीच्या क्रमाने लिहा, पण शूटिंगचा क्रम वेगळा लावा. एका दिशेचे सगळे शॉट आधी, मग कॅमेरा फिरवून दुसऱ्या दिशेचे, म्हणजे लाइट एकदाच हलतात. उन्हावर अवलंबून असलेला लांबचा शॉट आधी घ्या, कारण ऊन सरकल्यावर क्लोजअपमध्ये चादर-शीट धरून उजेड जुळवता येतो, लांबच्या शॉटमध्ये नाही. याला एकच अपवाद करतो मी: आजोबांचं काम करणारा माणूस कधी कॅमेऱ्यासमोर उभा न राहिलेला असेल तर त्यांचे क्लोजअप दुपारच्या आत संपवा. दमल्यावर त्यांच्याकडून तसं येत नाही, आणि वय झालेल्या माणसाला ताटकळत ठेवणं बरोबरही नाही.

६. टीम आणि कॉल शीट

सहा माणसं पुरतात, पण प्रत्येकाला एकच काम. दिग्दर्शक, कॅमेरा, साउंड, वेळ आणि क्रम सांभाळणारा असिस्टंट, कंटिन्युइटी (एका शॉटमधल्या वस्तू-कपडे पुढच्या शॉटशी जुळतात का) लिहिणारी व्यक्ती, आणि वस्तू-चहा-जेवण बघणारा. "मीच डायरेक्शन, मीच कॅमेरा, मीच ॲक्टिंग" हे पहिल्या फिल्मला करू नका. साउंडवाल्याने हेडफोन लावून फक्त ऐकायचं, त्याला चहा आणायला पाठवायचं नाही.

कॉल शीट व्हॉट्सॲपवर एका इमेजमध्ये टाका: कोण किती वाजता, लोकेशनची पिन, शॉटचा क्रम, जेवणाची वेळ, कोण काय आणणार, जवळचं हॉस्पिटल. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करून विचारा. निळी टिक म्हणजे होकार नव्हे.

७. आदल्या दिवशी सेटिंग लॉक करा

फोनवर शूट करत असाल तर ऑटो बंद, हा पहिला नियम. ऑटोवर ठेवलं की नातू हलला की उजेड बदलतो, पांढरा शर्ट आला की रंग बदलतो, आणि हे शॉट एकमेकाला जोडले जात नाहीत. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात सगळं हाताने ठरवता येतं.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवा आणि कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे प्रत्येक चित्र किती वेळ उजेड घेतं ते, १/५० सेकंद. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर पट्टे सरकताना दिसत नाहीत, १/६० किंवा १/१२० ठेवलं की दिसतात. स्वस्त एलईडी बल्ब तरीही लुकलुकतो, म्हणून दुकानातला प्रत्येक दिवा आदल्या दिवशी शूट करून मोठ्या स्क्रीनवर बघा. व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते) उन्हाच्या उजेडात ५६०० केल्विनच्या आसपास, पिवळ्या बल्बला ३२००. दोन्ही एकत्र असतील तर चेहरा अर्धा निळा अर्धा पिवळा येतो, तेव्हा एक काहीतरी निवडा: बल्ब बंद करा नाहीतर दुकानाचं शटर ओढून घ्या.

फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर टेकच्या मधे आईचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. जागा रिकामी करा. फोर-के शूट केलं तर फोनप्रमाणे मिनिटाला साधारण १७० ते ४०० एमबी लागतात, त्यावरून हिशोब करा. लॅपटॉप जुना असेल तर फुल एचडीवरच थांबा.

चेक: त्याच फोनवर, त्याच माइकवर एक मिनिटाचा टेस्ट शॉट घ्या, लॅपटॉपवर टाका, एडिटमध्ये उघडा, आवाज जुळवा, एक्स्पोर्ट करून बघा. ही साखळी आदल्या दिवशी पूर्ण चालली तरच दुसऱ्या दिवशी शूट.

८. आवाज

फोनच्या आतल्या माइकवर डायलॉग घेऊ नका. कॅमेरा सहा फुटांवर असेल तर माइकही सहा फुटांवर, आणि मधली सगळी गल्ली त्यात येते. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॉलर माइक दुसऱ्या फोनला लावून तो फोन कलाकाराच्या खिशात. माइक सुती कपड्याखाली लपवा, नायलॉन-रेशमाखाली खरखर येते. किंवा माइक काठीला बांधून डोक्याच्या वरून, फ्रेमच्या जरा बाहेर, तोंडापासून दीड-दोन फुटांवर.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, आणि मोठ्यात मोठा डायलॉग मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं. शून्याला टेकला की आवाज फाटतो, फाटलेला दुरुस्त होत नाही. हळू असलेला वाढवता येतो.

खोलीत घुमत असेल तर फ्रेमबाहेर फरशीवर घोंगडं पसरा, भिंतीला वाकळ लटकवा. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे जाताना परत चालू करायचं विसरणार नाही.

आता आपल्या दुकानातली खरी अडचण: आजोबा हातोडी मारता मारता बोलतात. ठोक्याखाली शब्द मरतो. डायलॉगच्या टेकमध्ये हातोडी नुसती उचलायची आणि कातड्याच्या दोन घड्यांवर हलकेच टेकवायची. सीन संपला की माइक जवळ नेऊन खरे ठोके वेगळे रेकॉर्ड करा, आरी टोचल्याचा आवाज, कागदावर फिरणारी पेन्सिलही. मग एडिटमध्ये पाहिजे तिथं, पाहिजे तेवढे मोठे लावता येतात.

जागा सोडायच्या आधी सगळ्यांनी गप्प उभं राहून एक मिनिट रिकाम्या दुकानाचा आवाज घ्या. नंतर डायलॉगच्या मधले खड्डे भरायला हाच लागतो. सगळे दमलेले असतात, भांडी आवरत असतात, तरीही घ्या.

९. सेटवर प्रत्येक शॉटचा क्रम

कॅमेरा चालू न करता एक रिहर्सल. मग लाइट आणि फोकस. मग असिस्टंट "शांत" म्हणतो, आधी साउंड चालू, साउंडवाला "रोलिंग" म्हणतो, मग कॅमेरा, मग "सीन एक, शॉट चार, टेक दोन" म्हणून टाळी. टाळी कॅमेऱ्यात दिसली आणि माइकवर ऐकू आली पाहिजे, त्यावरूनच दोन्ही जुळतात. मग ॲक्शन.

ॲक्शन म्हणायच्या आधी तीन सेकंद आणि सीन संपल्यावर पाच सेकंद थांबा. नवे दिग्दर्शक शेवटचा शब्द संपायच्या आत "कट" ओरडतात आणि जोडायला जागाच राहत नाही. हालचालही दोन्ही शॉटमध्ये पूर्ण करा: लांबच्या शॉटमध्ये आजोबा पेन्सिल उचलतात, तर क्लोजअपमध्येही उचलण्यापासूनच सुरुवात.

कंटिन्युइटी बघणाऱ्याने प्रत्येक टेकनंतर फोटो काढायचा: चहा कपात किती, पेन्सिल कुठल्या हातात, बाही दुमडलेली का सोडलेली, पायाची आकृती कागदावर कुठपर्यंत आली. आणि वहीत कुठला टेक चांगला आणि का, एवढी एक ओळ. "टेक ३, नजर छान, शेवटी हॉर्न" अशी. याने एडिटचे तास वाचतात.

थांबा: जेवणाच्या सुट्टीत आतापर्यंतचे शॉट आवाजासकट, हेडफोन लावून तपासा. संध्याकाळी घरी जाऊन बघू म्हणालात तर दुकान, ऊन आणि आजोबा तिन्ही हातातून गेलेले असतात.

१०. त्याच रात्री बॅकअप

तीन कॉपी, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. लॅपटॉप, हार्डडिस्क, आणि मित्राची हार्डडिस्क. कॉपी झाल्यावर चार-पाच फाइल उघडून बघा, नुसती साइज बघून फोनमधलं उडवू नका. व्हॉट्सॲपवरून क्लिप पाठवायच्या नाहीत, ते दाबून लहान करतं.

११. एडिट

डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विद्यार्थ्याला पुरते. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी बनवून घ्या, म्हणजे कापताना हलक्या फाइल आणि एक्स्पोर्टला मूळ. क्रम असा: फाइलना सीन-शॉट-टेकची नावं, मग टाळीवर आवाज जुळवणं, मग सगळं रेकॉर्डिंग एकदा पूर्ण बघणं. हे बघणं टाळतात सगळे, थेट लक्षात राहिलेले शॉट टाकतात, आणि आजोबांनी कट नंतर नातवाकडं टाकलेली खरी नजर तशीच पडून राहते.

मग स्क्रिप्टच्या क्रमाने ओबडधोबड जोडणी. ती लांबलचक आणि कंटाळवाणी दिसणारच, घाबरू नका. दुसऱ्या फेरीत कापा: शॉटमधून नवीन काही कळायचं थांबलं की कट. बोलणाऱ्याचंच तोंड दाखवायला पाहिजे असं नाही. "पुण्याला जायचं म्हणतोय" हे नातवाचं वाक्य आजोबांच्या थांबलेल्या हातावर ऐकवा, आणि नातवाचा चेहरा वाक्य संपल्यावर दाखवा. फेड, फिरणारे इफेक्ट, स्लो मोशन यातलं काहीही पहिल्या दोन फेऱ्यांत वापरू नका.

दोन दिवस फाइल बंद ठेवा. मग गोष्ट माहीत नसलेल्या तिघांना दाखवा, आधी काही समजावू नका. "कशी वाटली" विचारलं तर सगळे छान म्हणतात. विचारा: नातू कशासाठी आला होता? आजोबांना कधी कळलं? कुठं मोबाईल बघावासा वाटला? उत्तरं लिहून घ्या, त्यांच्याशी वाद घालू नका. मग शेवटची फेरी, आणि चित्र लॉक. यानंतर एकही कट हलवायचा नाही, कारण पुढचं सगळं काम यावर बसतं.

१२. साउंड, रंग, टायटल, एक्स्पोर्ट

आधी डायलॉग सारख्या पातळीवर आणा, मग रिकाम्या दुकानाचा आवाज सगळीकडं खाली पसरवा, मग हातोडी-पेन्सिल, आणि म्युझिक सगळ्यात शेवटी, लागलंच तर. सिनेमातलं गाणं वापरू नका, यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम येतो आणि फेस्टिव्हल घेत नाहीत. संगीत करणारा मित्र शोधा आणि त्याच्याकडूनही सही घ्या. मिक्स हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर आणि टीव्हीवर, तिन्हीकडं ऐका.

रंगात आधी सगळे शॉट एकमेकाला जुळवा, स्टाइल मग बघू.

मराठी टायटल युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, "दिग्दर्शक"ची वेलांटी भलतीकडं जाते, "कोल्हापूर"मधला ल्ह तुटतो. तसं झालं तर टायटल दुसरीकडं बनवून पारदर्शक पीएनजी म्हणून आणा. श्रेयनामावलीतली नावं ज्याची त्याच्याकडून लिहून घ्या, दुकानमालकाचं आणि डबा पाठवणाऱ्या काकूंचंही. सबटायटल एका वेळी दोन ओळींच्या वर नको, आणि ती दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

एक्स्पोर्ट ज्या फ्रेम रेटला शूट केलं त्यालाच, म्हणजे २५. फाइल तयार झाली की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा न थांबवता बघा, शेवटच्या टायटलसकट, कारण अर्धवट एक्स्पोर्ट झालेली फाइल स्क्रीनिंगच्या दिवशीच कळते. दाखवायच्या हॉलमध्ये एक दिवस आधी पेन ड्राइव्ह घेऊन जा, त्यांच्या मशीनवर लावा, आणि शेवटच्या रांगेत बसून आजोबांचा सगळ्यात हळू डायलॉग ऐकू येतोय का ते बघा.